केमो थांबवण्याचा अधिकार: कॅन्सर नर्सिंगच्या प्रशिक्षणाविषयी

नमस्कार. 2025-26च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत देशातल्या सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे सुरू करण्याची घोषणा झाली. खुर्च्या येतील, पंप येतील, औषधेही येतील. पण परळच्या टाटा रुग्णालयात एक हाक मारली की कुणी ना कुणी वरिष्ठ धावून येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी त्या वेळी खोलीत फक्त सिस्टर असेल. म्हणून आपल्या प्रशिक्षणात केमो कशी चालू करायची याच्याइतकेच ती कधी थांबवायची हेही शिकवायला हवे.

सुरुवात वजनकाट्यापासून करू. बहुतेक केमोचा डोस शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून ठरतो. उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोत घ्या, दोन्हींचा गुणाकार करून 3600ने भागा आणि वर्गमूळ काढा. उंची 160, वजन 45 असेल तर उत्तर 1.41 चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे लाल औषध चौरस मीटरला 60 मिलिग्रॅम ठरले असेल, तर डोस होतो सुमारे 85 मिलिग्रॅम. आता कुणी घाईत 45चे 54 लिहिले, की तोच डोस 93वर जातो. जेवण जात नसल्याने तीन आठवड्यांत चार-पाच किलो उतरलेल्या बाईला मागच्या पेपरवरचे वजन उतरवून काढणे हीदेखील तीच चूक. म्हणून दर वेळी चपला काढून नवे वजन घ्यायचे, आणि हिशोब दोन नर्सनी वेगवेगळा करायचा. एकीने केलेला दुसरीने नुसता वाचला, तर डोळा तीच चूक पुन्हा बरोबर म्हणून वाचतो.

आता शिरेकडे येऊ. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

साधे सलाईन आऊट गेले, म्हणजे शिरेबाहेर पाझरले, तर हात सुजतो आणि सूज उतरते. डॉक्सोरुबिसिन आऊट गेले तर तसे होत नाही. ते पेशींच्या डीएनएला चिकटते, पेशी मेली की बाहेर पडते आणि शेजारच्या पेशीत शिरते. म्हणून जखम आठवडोन्‌आठवडे पसरत राहते. पहिल्या दिवशी थोडी लाली दिसते आणि सगळ्यांना हायसे वाटते. फोड आणि काळी पडलेली कातडी नंतर येते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आणि पुढे दर आठवड्याला हात बघायलाच हवा.

जागा निवडताना कोपर ते मनगट यांमधला सपाट भाग घ्या. मनगट, कोपराची घडी आणि हाताची पाठ टाळा, कारण तिथे कातडीखाली लगेच मज्जातंतू आणि स्नायूबंध असतात. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर तो हात नको. पहिला प्रयत्न फसला तर दुसरी सुई त्याच शिरेवर खालच्या बाजूला लावू नका, औषध वर जाताना आधीच्या भोकातून बाहेर येते. दुसरा हात घ्या. रात्रीच लावलेल्या इन्ट्राकॅथवर, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीवर, भरवसा ठेवू नका, नवीन लावा आणि जागा दिसेल अशी पारदर्शक पट्टी लावा. औषध हाताने देताना दर 2 ते 5 मिलिलिटरनंतर रक्त मागे येते का ते पाहा. बारीक शिरेतून असे औषध पंपावर लावू नये. शीर फुटली तरी पंप ढकलतच राहतो.

पेशंटला आधी सांगा: जळजळ, ठणका, ओढ, काहीही वाटले तर लगेच बोला. आपल्याकडची माणसे सोसतात. औषध आहे, जळणारच, असे म्हणून गप्प बसतात. म्हणून अधूनमधून तुम्हीच विचारा.

आणि गेलेच बाहेर, तर? औषध बंद. इन्ट्राकॅथ काढू नका आणि ‘बघू या चालते का’ म्हणून सलाईन ढकलून फ्लशही देऊ नका. फ्लशने तेच औषध आणखी आत पसरते. नळी सोडवून रिकामी सिरिंज लावा आणि जितके मागे येईल तितके ओढा. मग इन्ट्राकॅथ काढा, पण दाबू नका. लालीची कड पेनने आखा, वेळ लिहा, फोटो घ्या, हात उंच ठेवा, डॉक्टरांना कळवा. डॉक्सोरुबिसिनला थंड शेक, 20 मिनिटे, दिवसातून चार वेळा. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या दुसऱ्या औषधाला आणि त्या घरातल्या औषधांना मात्र गरम शेक. थंडीने त्यांची जखम वाढते. हा फरक परीक्षेपुरता पाठ करायचा नाही, केमोच्या ट्रॉलीवर चिकटवून ठेवायचा आहे. डॉक्सोरुबिसिनवरचा उतारा म्हणजे डेक्सराझॉक्सेन, पण तो सहा तासांच्या आत, दुसऱ्या हातातून सुरू व्हावा लागतो. जवळ कुठे मिळतो, हे केंद्र सुरू होण्याआधी शोधून ठेवा.

हे सगळे वर्गात फळ्यावर शिकवून येत नाही. सरावाच्या कृत्रिम हातावर लाल पाण्याने शिकवावे आणि शिकवणाऱ्याने मुद्दाम सुई सरकवून पाहावे, की शिकणारी थांबते का. औषध अंगाला न लागू देता हातमोजे काढण्याच्या सरावालाही असाच उपाय आहे: चमकणारा रंग मिसळलेले पाणी हाताळायला द्या आणि नंतर अतिनील दिवा लावा. मनगटावर, पेनवर, दाराच्या कडीवर डाग दिसले की वेगळे व्याख्यान लागत नाही.

व्हिन्क्रिस्टिनबद्दल एकच गोष्ट, पण ती चुकली तर माणूस जातो. हे औषध मणक्यात गेले की बहुतेक वेळा मृत्यू ठरलेला. मणक्यात द्यायच्या औषधाची सिरिंज आणि शिरेत द्यायच्या व्हिन्क्रिस्टिनची सिरिंज एकाच ट्रेमध्ये शेजारी असतात, म्हणून चूक होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2007मध्येच सांगितले आहे, की व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, लहान सलाईनच्या पिशवीत द्या. पिशवी कुणी मणक्याच्या सुईला जोडायला जात नाही. तुमच्या वॉर्डात अजून सिरिंज येत असेल तर ती परत पाठवा.

शेवटी ताप. केमोनंतर सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात एकदा 38.3 अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे 101 फॅरनहाइट, किंवा तासभर टिकलेला 38, म्हणजे 100.4, हा तातडीचा ताप आहे. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे. रिपोर्टची वाट पाहायची नाही. रक्त कल्चरला, म्हणजे जंतू शोधायला, घ्यायचे आणि औषध द्यायचे. पू दिसत नाही, खोकला नाही, म्हणून संसर्ग नाही असे समजू नका. पू व्हायलाही पांढऱ्या पेशी लागतात.

नातेवाइकांचा फोन येईल तेव्हा पाच गोष्टी विचारा: ताप किती, कधीपासून, थंडी वाजते का, शेवटची केमो कोणत्या तारखेला, आणि पॅरासिटामॉल दिले का. दिले असेल तर आत्ताच्या आकड्यावर जाऊ नका. गाव तुमच्या केंद्रापासून तीन तासांवर असेल, तर ‘इकडेच या’ म्हणू नका. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात पाठवा, तिथल्या डॉक्टरांशी स्वतः बोला, अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथे जाऊ द्या, मग गाडी इकडे निघू द्या.