दीड इंचाची पट्टी

(ग्रामपंचायतीच्या हॉलात नव्या फरशीवाल्या पोरांसमोर झालेलं बोलणं. जसं बोललो तसंच ठेवलंय, थोडं नीट केलंय.)

बसा बाप्पा, मागचे पोट्टे पुढं या, कूलरचा लय आवाज आहे. मला सांगितलं फरशी बसवायच्या आणि कापायच्या पद्धतीवर बोला, आणि आल्याआल्या पहिला प्रश्न काय तं भाऊ कोणती मशीन घेऊ. मशीनचं सांगतो न. आधी टेप काढा.

दुकानात आपण जिला दोन बाय दोन म्हणतो ती दोन फुटाची नसतेच. ती असते ६०० मिलीमीटर, आणि दोन फूट म्हणजे जवळजवळ ६१०. आता एका फरशीत दहा मिली म्हणजे काहीच नाही, पण दहा फुटाच्या खोलीत पाच फरश्या ओळीनं ठेवल्या की झाले ३००० आणि खोली आहे ३०४८ ची, मधात फट सारखी राहावी म्हणून ठेवतो ते दोन दोन मिलीचे स्पेसर धरले तरी भिंतीपाशी ३८ मिली उरतात, म्हणजे दीड इंचाची पट्टी. मालक म्हणतो मिस्त्री वाकडा, मिस्त्री म्हणतो भिंत वाकडी. भिंती वाकड्या असतातच आपल्याकडं, पण खोली एकदम गुण्यात, म्हणजे काटकोनात असली तरी ही पट्टी येणार म्हणजे येणार.

शहाबादी आणि कोट्याच्या वेळेस हे एवढं टोचत नव्हतं. दगडच तो, छिन्नीनं कड झाडली, दर्ज म्हणजे मधली फट जाड भरली, खपून जाये. गुजरातच्या मोरबीची चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी आली आणि रेघ न् रेघ दिसायला लागली.

माझंच सांगतो. सुरुवातीचं काम, दारव्ह्याकडचं घर, मी मागच्या भिंतीपासून अख्ख्या फरश्या लावत आलो आणि पट्टी निघाली बरोबर दारात. त्या घरची आजी उंबरठ्यापाशी ज्वारी निवडत बसे, म्हणे, "काय रे बाबा, नव्या लुगड्याले ठिगळ लावलं काहून?" पैसे पूर्ण भेटले, पण ते ठिगळ अजून डोक्यात आहे.

तं मग करायचं काय? मधातून सुरू करा. दहा फुटात चार अख्ख्या आणि दोन्ही बाजूला फुटाच्या थोडा वर तुकडा, दिसायला सारखं. पण इथं एक गोम आहे जी मालकाला आधी सांगावी लागते. तो तुकडा अर्ध्या फरशीपेक्षा मोठा, त्यामुळं एका फरशीत दोन तुकडे निघत नाहीत. अशी मधातून लावली तं दहा बाय बाराच्या खोलीला ४२ फरश्या लागतात. पट्टीवाल्या पद्धतीत तीस अख्ख्या, पट्ट्यांसाठी दोन, आणि स्कर्टिंगसाठी, म्हणजे भिंतीच्या बुडाशी उभ्या लावतो त्या पट्ट्यांसाठी, पाच धरा, झाल्या ३७. मधातून लावली तं स्कर्टिंगला वेगळी फरशी लागत नाही, कारण उरलेला तुकडा अकरा इंचाचा, त्यात चार इंचाच्या दोन पट्ट्या आरामात. म्हणजे फरक पाचच फरश्यांचा, पेटीत चार नग असले तं सव्वा पेटी. एवढ्यासाठी जन्मभराचं ठिगळ कोण घेते? तरीही पैशाची तंगी असली तं पट्टी कपाटाच्या, दिवाणाच्या भिंतीला न्या. दारात नको. आणि काही असो, माल कालवायच्या आधी एक आडवी एक उभी ओळ कोरडी मांडून मालकाला बोलवून दाखवा.

आता मशीन. हात कटरनं एकदाच, एका दाबात रेघ मारायची, मग दाबून तोडायची. दोनदा तीनदा रेघ मारणारे आहेत, त्यांची कड कुरतडल्यासारखी निघते. फुटाचा तुकडा असा मस्त तुटतो, धूळ नाही, लाइट नको. दीड इंचाची पट्टी मात्र हात कटरवर नीट तुटत नाही, मधातच मोडते, मग ग्राइंडर, म्हणजे लाइटवर फिरणाऱ्या चकतीची मशीन, घ्यावं लागते. म्हणजे पहा, मांडणी चुकली की मशीनही महागाची लागते. चौकटीपाशी फरशीत इंग्रजी एल (L) सारखी खाच कापायची असली तं आतल्या कोपऱ्यात आधी छोटं भोक पाडा, नाहीतर तिथूनच तडा जाते.

ग्राइंडर कोरडं चालवू नका. दुपट्टा बांधला म्हणजे झालं असं नाही, त्या धुळीत सिलिका असते, ती दुपट्ट्यातून आरपार जाते आणि फुप्फुसात बसली की निघत नाही, सिलिकोसिस म्हणतात त्याला. पाण्याची नळी असलेलं मार्बल कटर घ्या, घराबाहेर बसून कापा, चांगला मास्क लावा. पण साध्या ग्राइंडरवर बाटलीनं पाणी ओतायची हुशारी नको, करंट बसते.

खालचं थोडक्यात. भरावात काळी माती चालत नाही, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुरूम टाका, थरा-थरानं पाणी मारून कुटा. व्हिट्रिफाइड फरशी अर्धा टक्काही पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या घोळाला ती नीट धरत नाही, फरशी चिकटवायचं केमिकल वापरा आणि दातेरी थापीनं पूर्ण पसरवा. चार कोपऱ्याला चार अन् मधात एक असे मालाचे पाच लाडू ठेवून फरशी दाबणारे लय आहेत, मग दिवाणाचा पाय पोकळ जागेवर आला की फुटते. मे महिन्यात दुपारी केमिकलवर साय धरते, बोट लावून पाहा, बोटाला चिकटत नसलं तं खरडून टाका. भिंतीपाशी सहा-आठ मिली जागा सोडा, स्कर्टिंगखाली झाकते. नाहीतर फरशी तापून वाढते, जायला जागा नसते, मग एखाद्या दुपारी मधातूनच उठून बसते.

न्हाणीत फूट बाय फूटच घ्या, मोठ्या फरशीला चारही बाजूंनी जाळीकडं ढाळ देता येत नाही, तिरपी कापावी लागते.

चला, बाहेर कटर लावून ठेवलंय. फुटलेल्या फरश्यांची एक पेटी आणलीय, लाइट असो नसो, हात कटर आधी, प्रत्येकानं एकेक तोडून दाखवायची.