एकच तळं, चारही अंगांनी

मित्रहो, ज्या वाटेनं शिखर गाठलं त्याच वाटेनं उतरायचं, हे मला फारसं रुचत नाही. मला गोल फेरी आवडते. उत्तर वेल्सच्या स्नोडोनियात, म्हणजे एरेरीत, कुम इदवलभोवतीची फेरी अशीच आहे. 'कुम' म्हणजे तिन्ही बाजूंनी कड्यांनी वेढलेली, वाटीसारखी खोलगट दरी. एव्हरेस्टवरच्या वेस्टर्न कुमला १९२१ मध्ये गिर्यारोहक मॅलरीनं हाच वेल्श शब्द दिला.

लिन ओगवेनच्या काठावरून निघालं की थोड्याच वेळात लिन इदवल लागतं. 'लिन' म्हणजे तळं. इथे जरा थांबाच. काठाला गवतानं झाकलेले लहान लहान उंचवटे दिसतात. सहज बघितले तर मातीचे ढीग वाटतील. १८३१ मध्ये तरुण डार्विन आणि त्याचे भूविज्ञानातले गुरू सेजविक इथे आले, जीवाश्म शोधत तासन् तास कातळ तपासत राहिले, आणि या ढिगांकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. हिमनदीनं दगडमाती वाहून आणून तिथे टाकली होती. पुढे हिमनद्यांबद्दलचे विचार पुढे आले आणि १८४२ मध्ये डार्विन परत आला, तेव्हा त्याला सगळं लख्ख दिसलं. आगीत जळालेलं घरसुद्धा आपली कहाणी इतकी स्पष्ट सांगत नाही, असं त्यानं या दरीबद्दल लिहिलं. मला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. डोळे तेच, दरी तीच; मधल्या अकरा वर्षांत प्रश्न बदलला होता.

मग अ गार्नची धार चढायची, ९४७ मीटर. चढ दमवतो, पण मागे वळून बघा: खालचं तळं आता हातात मावेल एवढं दिसतं. पलीकडे उतरलं की खिंडीत लिन अ कून, म्हणजे कुत्र्यांचं तळं. तिथून ग्लिडर वाउरला, १,००१ मीटरवर, जाणारी वाट निव्वळ घसाऱ्याची. एक पाऊल टाकावं आणि अर्धं मागे यावं. वर सगळीकडे थंडीनं फोडलेले, उभे-आडवे दगड. धुकं उतरलं तर या सपाटीवर दिशाच कळत नाही. नकाशा नि होकायंत्र सोबत हवंच, आणि ते वापरताही यायला हवं.

ग्लिडर वाख, ९९४ मीटर, फार दूर नाही. तिथल्या अधांतरी बाहेर आलेल्या आडव्या शिळेवर उभं राहून प्रत्येकजण फोटो काढतो, काढा.

उतरताना ट्रावन या शेजारच्या डोंगराच्या खिंडीतून लिन बोखलुइद गाठायचं. त्याच्या ओढ्याकाठची वाट ओली नि निसरडी असते, गुडघे थकलेले असतात, घाई करू नका. त्या वळणावरून लिन इदवल पुन्हा समोर येतं. दिवस कलला असेल तर तिरप्या उन्हात काठावरच्या त्या प्रत्येक उंचवट्याची सावली वेगळी पडलेली दिसते.