पेडल दगडासारखं होईपर्यंत : जुन्या पिकअपच्या ब्रेकची हवा काढताना

(दृश्य : पत्र्याच्या शेडमध्ये उभी जुनी बोलेरो पिकअप. हौद्यात रिकामे क्रेट. कॅमेरा केबिनमध्ये, पेडलवर एक पाय.)

पेडल दाबलं. पाय खाली गेला, अजून खाली गेला, कुठे अडलाच नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावर थोडं वर लागलं, तिसऱ्यांदा अजून वर. पण मऊ, ओल्या स्पंजवर पाय दिल्यासारखं. ब्रेकच्या पाइपात हवा आहे, याची ही खूण.

ओतूरच्या बाजूने टोमॅटो भरून माळशेज घाट उतरायचा आणि कल्याणचा बाजार गाठायचा, हे असल्या गाड्यांचं रोजचं काम. वीस किलोचे 50 क्रेट म्हणजे टनभर माल. तो उतारावर थोपवायची ताकद पायापासून चाकापर्यंत फक्त पाइपातल्या तेलातून, म्हणजे ब्रेक ऑइलमधून जाते. तेल दबत नाही, म्हणून पेडलचा जोर जसाच्या तसा चाकावर पोचतो. हवा मात्र दबते. पाइपात बुडबुडा असला की पायाचा जोर आधी त्याला चेपण्यात जातो.

ही हवा येते कुठून? ब्रेकची लाइन सगळीकडून बंद असते. कुणी जोड उघडला, ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीतलं तेल फार खाली गेलं किंवा कुठलं तरी सील गळायला लागलं, तरच हवा आत शिरते. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी चारही चाकांच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा. मागच्या चाकातल्या ब्रेक ड्रमच्या खालच्या कडेला ओल लागली, तर व्हील सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने चाकातला ब्रेक लावणारा सिलिंडर, गेलाय. गळती तशीच ठेवून हवा काढली, तर आठ दिवसांत पेडल पुन्हा मऊ होणार.

आणखी एक प्रकार घाटात होतो, आणि तो जास्त फसवा आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट 3 तेल (डॉट नंबर म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) कमीत कमी 205 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं, की ही हद्द 140 वर येते. लांब उतारावर सतत ब्रेक धरला, तर चाकाजवळचं तेल उकळून त्याची वाफ होते आणि पेडल खाली बसतं. खाली येऊन चहा घेईपर्यंत वाफेचं पुन्हा तेल होतं, पेडल पूर्ववत लागतं, आणि ड्रायव्हर म्हणतो, झाली की गाडी ठीक. ठीक झालेली नसते. ते तेल बदलायलाच हवं.

(दृश्य : फडक्यावर मांडलेलं सामान.)

सामान फार लागत नाही. सीलबंद ब्रेक ऑइल एक लिटर, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो डॉट नंबर लिहिलाय तोच. अर्धी वापरून वर्षभर फळीवर ठेवलेली बाटली नको, तिने ओलावा घेतलेला असतो. प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला हवा काढायचा एक छोटा स्क्रू असतो, तो निपल. त्याच्या मापाचा रिंग पाना घ्या, 8, 10 किंवा 11 नंबरचा, आधी निपलवर बसवून बघा. हातभर पारदर्शक नळी, जी निपलवर घट्ट बसेल. एक काचेची बाटली, पाण्याची बादली, चष्मा. आणि केबिनमध्ये बसायला एक माणूस, जो सांगितल्याशिवाय पाय हलवणार नाही. इंजिन ऑइल किंवा डिझेल या लाइनच्या जवळपासही आणू नका. त्याने रबरी सील फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलच्या जोराने तेल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरपासून, सगळंच बदलावं लागतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. ते रंग सोलवटून काढतं.

जुन्या गाडीचं निपल गंजलेलं असतं. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी आधी किंचित आवळायचं, मग सैल करायचं. थोडं पुढे, थोडं मागे. निपल आतून पोकळ असतं, जोर केला की तुटतं. कडा गोल होऊ नयेत म्हणून फिक्स पाना नको. एवढं करून मागचं निपल तुटलंच, तर ड्रिल मारत बसण्यापेक्षा व्हील सिलिंडर बदललेला बरा.

आता जॅकचं. नवशिका सगळ्यात जास्त इथे चुकतो. मागच्या ॲक्सलजवळ, चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) एक व्हॉल्व्ह असतो आणि त्याचा दांडा किंवा स्प्रिंग ॲक्सलला जोडलेली असते. हौद्यात माल असला की चासी खाली बसते आणि हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की कमी सोडतो, मागची चाकं लॉक होऊ नयेत म्हणून. चासीखाली जॅक लावून गाडी उचलली की ॲक्सल खाली लोंबतो. व्हॉल्व्हच्या हिशेबाने गाडी रिकामीपेक्षाही रिकामी झाली, आणि तो मागचं तेल जवळजवळ अडवून धरतो. मग तासभर पेडल मारा, मागच्या निपलातून थेंब थेंबच येणार. म्हणून चाकं जमिनीवरच राहू द्या. पिकअप तशीही उंच असते, झोपून मागच्या निपलापर्यंत हात पोचतो. उचलायचीच असेल, तर जॅक आणि स्टँड दोन्ही ॲक्सलखाली. काही गाड्यांत या व्हॉल्व्हवरही निपल असतं, तेही उघडून हवा काढावी लागते.

गाडी सपाटीवर, इंजिन बंद, चाकांना दगड. पेडल सात-आठ वेळा मारून बूस्टरमधला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्यातला, व्हॅक्यूम संपवा. टाकीचं झाकण उघडण्याआधी भोवतीची धूळ पुसा. जुनं तेल सिरिंजने ओढून घ्या, पण तळाची भोकं उघडी पडतील इतकं नाही. मग नवं भरा. पेडलखाली दोन इंच जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन शेवटपर्यंत जात नाही, त्यामुळे आतला तो भाग खरखरीत, गंजलेला असतो. पेडल तळाला टेकवलं, की सील त्या भागावर घासून फाटतं. हवा काढायला गेलो आणि मास्टर सिलिंडर गेला, असं होतं ते याच कारणाने.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पाना आधी निपलवर चढवायचा आणि मग नळी. उलट केलं, तर पाना बसवायला नळी पुन्हा काढावी लागते. बाटलीत इंचभर नवं तेल घेऊन नळीचं टोक त्यात बुडवा.

(दृश्य : गाडीखाली काका, केबिनमध्ये पुतण्या. फक्त आवाज.)

“तीनदा मार. सावकाश.”

“मारलं. दाबून धरलंय, काका.”

“धरून ठेव. उघडतोय.”

“खाली गेलं.”

“तिथंच धर... थांब... हां, सोड.”

सगळा जीव त्या “थांब” मध्ये आहे. निपल पाव ते अर्धा वळसा उघडलं, तेल आलं, पेडल ठोकळ्याला टेकलं. आता आधी निपल बंद, त्यानंतरच पाय वर. पाय आधी उचलला गेला, तर निपलच्या आट्यांतून हवा आत ओढली जाते आणि केलेलं काम उलटं होतं. पाय सोडल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, टाकीतून मास्टर सिलिंडर भरू द्या. घाईघाईने पेडल मारलं की मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो, आणि तो फेस निघता निघत नाही.

(दृश्य : नळी अगदी जवळून.)

पहिलं तेल कोऱ्या चहासारखं येतं. त्यात मधेच एक लांब हवेचा तुकडा सरकतो, मागोमाग मोहरीएवढे बुडबुडे. मग रंग उजळत जातो, आणि नळीत नुसतं फिकट पिवळं तेल उरतं. मागचा पाइप लांब, तिथे दहा-पंधरा फेऱ्या लागतात. पुढे कमी. दर पाच फेऱ्यांनी टाकी बघा. टाकी रिकामी झाली, तर हवा मास्टर सिलिंडरमध्ये जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. बाटलीत जमलेलं तेल परत टाकीत ओतायचं नाही, गटारातही नाही. डब्यात बंद करून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

पुढच्या कॅलिपरवर, म्हणजे पुढच्या चाकातल्या डिस्कला चिमटा घेणाऱ्या भागावर, निपल वरच्या बाजूलाच हवं. मागे कधी कुणी कॅलिपर डावे-उजवे अदलाबदल करून बसवले असतील, तर निपल खाली येतं. हवा वर अडकून राहते, आणि कितीही तेल घातलं तरी पेडल मऊच.

चारही चाकं झाली आणि पेडल अजून खालीच लागतंय, पण लागतं तिथे कडक लागतंय? मग ती हवा नाही. मागच्या ड्रममधले शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) आणि ड्रम यांतलं अंतर वाढलंय, शू सेट करून घ्या. पेडल कडक लागून सतत दाबल्यावर हळूहळू खाली सरकतंय आणि बाहेर कुठे ओल नाही? मग मास्टर सिलिंडरचं आतलं सील गेलंय.

निपल आवळताना मनगटाचाच जोर लावा, दंडाचा नको. त्यावर रबरी टोपी बसवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी शिरून ते पुन्हा गंजेल. ठोकळा काढून घ्या. पेडल दाबून धरून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली जाईल, तो बूस्टरचा जोर. मग अर्धा मिनिट पेडल जोरात दाबून ठेवा आणि दुसऱ्याला चारही निपल बघायला सांगा. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, ताशी 10 किलोमीटरने. रस्त्यावर त्यानंतर.

(दृश्य : टाकीवर चिकटवलेली पांढरी पट्टी. त्यावर पेनाने तारीख आणि किलोमीटर.)

दोन वर्षांनी तेल पुन्हा बदलायचं. गाडी रोज घाटातून जात असेल, तर दर वर्षी, पावसाळा संपला की. आणि भरलेल्या गाडीची पहिली फेरी करून आल्यावर, हौदा रिकामा होत असताना, चारही चाकांच्या आत पुन्हा एकदा बोट फिरवायचं.