तीन सेकंदांची शांतता

[दृश्य : सकाळचा रिकामा वर्ग. खुर्च्या फळ्याकडे तोंड करून ओळीत मांडलेल्या.]

थोड्या वेळात इथे तीस विद्यार्थी येतील. विद्यापीठातलं त्यांचं हे दुसरं वर्ष. बहुतेकांनी शाळेपासून आठ-दहा वर्षं इंग्रजीचा अभ्यास केला आहे. अनियमित क्रियापदांची तिन्ही रूपं त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येतील. लेखी परीक्षेत गुणही चांगले पडतात. पण बाहेर व्हरांड्यात एखाद्या पाहुण्यानं सहज विचारलं, "सकाळपासून काय काय केलंत?", तर ही मुलं हसतात, शेजारच्याकडे बघतात आणि मान खाली घालतात.

[दृश्य : पाठीवर पिशवी, हातात कागदांची चळत. स्वयंसेविका वर्गात शिरते.]

ही परदेशातून, इंग्रजी शिकवायला एका सत्रासाठी आली आहे. पगार नाही, राहायला वसतिगृहातली खोली आहे. पेशानं ती लेखापाल. शिकवण्याचा अनुभव म्हणजे येण्याआधी केलेला एक छोटा प्रशिक्षणवर्ग. आणि इंग्रजी तिचीही मातृभाषा नाही.

पहिल्या तासाची तिनं जय्यत तयारी केली होती. चित्रं होती, प्रश्न होते. तास रंगला असं तिला वाटलं, खरं तर चित्रीकरण करणाऱ्या आम्हालाही वाटलं. नंतर चित्रीकरण घड्याळ लावून पाहिलं. पन्नास मिनिटांच्या तासात तीसही विद्यार्थी मिळून बोलले होते जेमतेम चार मिनिटं. बाकी सगळा वेळ तीच बोलत होती. प्रश्न विचारायची, क्षणभर थांबायची, शांतता सहन झाली नाही की उत्तरही स्वतःच देऊन टाकायची.

हे फक्त तिचंच होत नाही. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी विज्ञानाच्या वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, असं त्यांना दिसलं. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर विद्यार्थ्यांची उत्तरं लांबतात, न विचारताही मुलं बोलू लागतात. ते वर्ग तर मुलांच्या सवयीच्या भाषेतले होते. इथे प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर स्वतःच्या भाषेत सुचायचं, मग इंग्रजी शब्द शोधायचे, ते मनात जुळवायचे, आणि तोंड उघडायचं धाडस करायचं. एवढं सगळं एका सेकंदात कसं व्हावं?

[दृश्य : टेबलाखाली तिचा हात. अंगठा एकेका बोटावर सरकतो.]

तेव्हापासून ती बोटं मोजते. एक, दोन, तीन. कधी सात, आठ. ती शांतता फार जड असते; कॅमेऱ्यामागे उभं राहूनही ती जाणवते.

[दृश्य : शेवटच्या ओळीतला एक विद्यार्थी, वहीत काहीतरी लिहिणारा.]

शेवटच्या ओळीतला हा मुलगा पहिले तीन आठवडे एक शब्दही बोलला नाही. वर्गाबाहेर, आपल्या भाषेत, हाच मुलगा चर्चेत सगळ्यांना गप्प करतो. वीस वर्षांचं माणूस स्वतःच्या भाषेत वाद घालतं, विनोद करतं, एखाद्याचं दुःख हलकं करतं. परक्या भाषेत आलं की त्याचं वय एकदम सहा वर्षं होतं. मनात एवढं मोठं काही असतं, आणि तोंडातून येतं, "मला... चित्रपट... आवडतो." हा अपमान कोणी केलेला नसतो, पण तो रोज होतो. भाषाशिक्षणाच्या अभ्यासक एलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986मध्ये परक्या भाषेच्या वर्गात वाटणाऱ्या भीतीसाठी एक मोजपट्टी तयार केली. तेहतीस विधानं, विद्यार्थ्यानं प्रत्येकाशी आपण किती सहमत आहोत ते सांगायचं. भाषा शिकताना आपण हुशार, समजूतदार आहोत ही माणसाची स्वतःबद्दलची प्रतिमाच पणाला लागते, असं त्यांनी मांडलं. परदेशात शिकवायला जाणाऱ्या प्रत्येकानं हे विमानात बसण्याआधी समजून घेतलं पाहिजे. समोर बसलेली माणसं मोठी आहेत. फक्त त्यांचे शब्द अजून लहान आहेत.

मग व्याकरण येऊनही बोलता का येत नाही? भाषाशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी 1960च्या दशकात याकडे लक्ष वेधलं. वाक्य नियमात बसवता येणं वेगळं, आणि कुणाशी, कधी, कोणत्या सुरात काय बोलावं हे कळणं वेगळं. आपल्याला 'बस' आणि 'बसा' यांतला फरक कोणी नियम म्हणून शिकवलेला नसतो, पण तो चुकला तर समोरचा दुखावतो. इथली एक विद्यार्थिनी शिफारसपत्र मागताना शुद्ध इंग्रजीत म्हणाली, "मला पत्र हवं आहे. उद्या द्या." व्याकरणात एकही चूक नव्हती.

दुसरा धडा कॅनडातून आला. तिथल्या काही शाळांमध्ये इंग्रजी भाषक मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवले जात. वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडल्यानं मुलांना समजायचं उत्तम, पण बोलणं आणि लिहिणं त्या मानानं मागे राहिलं. तिथल्या संशोधक मेरिल स्वेन यांनी 1985मध्ये त्यावरून म्हटलं की नुसतं ऐकून पुरत नाही. बोलायला गेलं की माणूस अडतो, आणि आपल्याला काय येत नाही ते त्याला तिथेच कळतं. म्हणजे स्वयंसेविकेचं छान, ओघवतं इंग्रजी मुलांनी तासभर ऐकलं, तर सराव होतो तो तिचाच.

[दृश्य : विद्यार्थी जोडीजोडीनं, पाठीला पाठ लावून. प्रत्येकाच्या हातात एक चित्र.]

आता खुर्च्या फिरल्या आहेत. दोघांकडे जवळपास सारखीच चित्रं आहेत, पण त्यांत आठ फरक आहेत. एकमेकांचं चित्र बघायचं नाही. विचारून, सांगून फरक शोधायचे. एकाला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नाही, म्हणून बोलावंच लागतं. भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांना दिसत असताना "किती वाजले?" असं वर्गात विचारणं म्हणजे निव्वळ कवायत. इथे मात्र प्रश्नाला खरंच उत्तर हवं असतं. ऐका, वर्गात किती गोंगाट आहे! शेजारच्या वर्गातून तक्रार आली होती. मला ती तक्रार फार आवडली.

न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लिखाणातून बऱ्याच वर्गांत पोहोचलेली एक रीत ती दर आठवड्याला वापरते. एकाच विषयावर आधी चार मिनिटं बोलायचं, मग नवा जोडीदार घेऊन तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. गोष्ट तीच, श्रोता नवा, वेळ कमी. पहिल्या फेरीत अडखळलेली मुलगी तिसऱ्या फेरीत सरळ बोलत सुटते. या दहा-पंधरा मिनिटांत कोणी तिला नवं काही शिकवलेलं नसतं. जे येतच होतं, ते जिभेवर यायला त्याला तीन वेळा वाट मिळाली, इतकंच.

[दृश्य : स्वयंसेविका जोड्यांमधून फिरते, वहीत टिपते. बोलत नाही.]

चुका? चुका होतात, ढिगानं होतात. ती त्या टिपून ठेवते. तासाच्या शेवटी पाच-सहा वाक्यं फळ्यावर येतात, कोणाची ते न सांगता, आणि दुरुस्ती वर्गच करतो. बोलता बोलताच बरोबर रूप हळूच उच्चारून पुढे जायचं, ही शिक्षकांची लाडकी पद्धत. रॉय लिस्टर आणि लैला रांता या संशोधकांनी 1997मध्ये कॅनडातल्या फ्रेंच वर्गांमध्ये पाहिलं, तर सर्वांत जास्त वापर याच पद्धतीचा होता, आणि विद्यार्थी त्यावर सुधारून बोलण्याचं प्रमाण सर्वांत कमी. मुलांना वाटतं बाई नुसती मान डोलावताहेत.

उच्चारांबद्दल तिलाही धाकधूक होती. आपलं इंग्रजी 'तिकडच्यासारखं' नाही, मग आपण काय शिकवणार? अनेक ठिकाणी जाहिरातीतच मातृभाषा इंग्रजी असलेला शिक्षक हवा असं लिहिलेलं असतं. भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी 1992मध्ये या समजुतीला सरळ भ्रम म्हटलं. हंगेरीचे पेटर मेद्येश यांचं म्हणणं त्याहून धीर देणारं आहे : जो स्वतः ही भाषा शिकून आला आहे, त्याला विद्यार्थी कुठे अडणार ते आधीच दिसतं, कारण तोही तिथेच अडलेला असतो. आणि भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी वेगवेगळ्या देशांतल्या लोकांची आपसातली इंग्रजी संभाषणं तपासून 2000 साली दाखवलं की जीभ दातांत धरून काढायचा तो प्रसिद्ध ध्वनी ('think'मधला 'th') चुकला तरी अर्थाला फारसा धक्का लागत नाही; ऱ्हस्व-दीर्घ स्वरांची गल्लत किंवा वाक्यात भलत्याच शब्दावर दिलेला जोर मात्र घोटाळा करतो. तिनं हे वाचलं आणि ध्वनी घोटवून घेण्याचे दोन तास वेळापत्रकातून काढून टाकले. बरं केलं.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. विमानाच्या शिडीवरून उतरणारे तरुण.]

असं परदेशात शिकवायला जाणं तसं जुनंच. ब्रिटनमध्ये 1958 साली ॲलेक आणि मोरा डिक्सन या दांपत्यानं तरुण स्वयंसेवकांना परदेशी पाठवणारी संस्था सुरू केली. अमेरिकेत 1961मध्ये परदेशी स्वयंसेवक पाठवणारं सरकारी पीस कोअर स्थापन झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांची पहिली तुकडी, शिक्षकांची, घानाची राजधानी आक्रा इथे उतरली. विमानतळावरच त्या तरुणांनी स्वागताला आलेल्यांसमोर तिथल्या ट्वी भाषेत गाणं म्हटलं. शिकवायला आलेली माणसं आधी यजमानांच्या भाषेत तोंड उघडून उभी राहिली. मला या सगळ्या इतिहासातला हाच प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढे 1990मध्ये हंगेरी आणि पोलंडला स्वयंसेवक गेले. तिथे तोवर शाळेत रशियन सक्तीची होती. राजवट बदलली आणि इंग्रजीचे शिक्षक मिळेनात. चीनमध्ये 1993पासून 2020पर्यंत पीस कोअरचे स्वयंसेवक महाविद्यालयांत, विद्यापीठांत इंग्रजी शिकवत होते.

आणि 1968मध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका शहरात कॅथलिक धर्मगुरू आणि विचारवंत इव्हान इलिच बोलायला उभे राहिले. समोर मेक्सिकोत सेवा करायला निघालेले अमेरिकी विद्यार्थी होते. इलिच यांनी त्यांना तोंडावर सांगितलं : बघायला या, शिकायला या, आमचे डोंगर चढायला या, पण मदत करायला येऊ नका. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, त्यांच्यावर तुमचं भलेपण लादू नका. हे भाषण झोंबतं. आमच्या स्वयंसेविकेनं ते येण्याआधी वाचलं होतं, तरी ती आली. पण तिच्या खोलीतल्या टेबलावर इथल्या भाषेचं अंकलिपीसारखं पुस्तक असतं, आणि रोज संध्याकाळी तिचेच दोन विद्यार्थी तिला शिकवतात. त्या वेळी ते कसे ताठ बसतात!

[दृश्य : प्राध्यापकांची खोली. स्थानिक प्राध्यापिका आणि स्वयंसेविका एकाच वहीवर वाकलेल्या.]

स्वयंसेविका सत्र संपलं की जाणार. या प्राध्यापिका इथेच राहणार. म्हणून प्रत्येक तासाची आखणी दोघी मिळून करतात, वर्गही अर्धा-अर्धा घेतात. अभ्यासक्रम काय, परीक्षा काय, कोणत्या मुलाच्या घरी सध्या काय चाललं आहे, हे प्राध्यापिकेलाच ठाऊक. स्वयंसेवक एकटा वर्ग चालवून निघून गेला, तर पुढच्या सत्रात खुर्च्या पुन्हा ओळीत लागतात.

जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी. पगार मिळत नसला तरी अनेक देशांच्या कायद्यात शिकवणं हे कामच मानलं जातं. पर्यटक व्हिसावर जाऊन वर्ग घेणं अडचणीत आणू शकतं. विद्यापीठाचं पत्र आणि योग्य व्हिसा आधी हातात हवा. दुसरं, काही संस्था स्वयंसेवकांकडूनच पैसे घेतात. त्यातले किती विद्यापीठापर्यंत पोहोचतात, हे विचारायला लाजू नका.

[दृश्य : शेवटचा तास. खुर्च्या गोलात.]

आज सत्र संपतं आहे. चौथ्या आठवड्यात त्या शेवटच्या ओळीतल्या मुलानं पहिलं वाक्य उच्चारलं होतं. मोडकं होतं, पूर्ण व्हायला जवळपास मिनिट लागलं, आणि ती बोटं मोजत थांबून राहिली होती. आज तोच उठला आहे. तो म्हणतो, गेले इतके दिवस तुम्ही आमच्याकडून चार मिनिटं, तीन मिनिटं, दोन मिनिटं बोलून घेतलंत. आता तुम्ही आमच्या भाषेत एक मिनिट बोला. विषय : तुमचा इथला पहिला दिवस.

वर्ग हसतो. ती उभी राहते. पहिलं वाक्य ठीक जातं. दुसऱ्यात ती एका शब्दापाशी अडते. ओठ हलतात, शब्द येत नाही. तिची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरते.

तो शब्द तिसांच्या तिसांना माहीत आहे. कोणीही तो पुरवत नाही. शेवटच्या ओळीतला तो मुलगा तिच्याकडे बघतो आहे, आणि मांडीवर ठेवलेल्या त्याच्या हाताचा अंगठा एकेका बोटावर सरकतो आहे.

[दृश्य : तिचा चेहरा. आवाज नाही. मग तिचे ओठ उघडतात.]