पंचेचाळीसचा काप

नमस्कार मंडळी. चहा हातात असेल तर निवांत प्या, आज कागद-पेन काही नकोय, दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्यात. एक, काप पंचेचाळीस अंशांचा. दोन, कर्ण मोजायचे. बास, फोटोफ्रेम घरी करायची म्हणजे एवढंच, बाकी सगळी हौस.

लाकूड पाइनचं घ्या, पहिल्याच फेरीला सागवान घेऊन त्याचा भुगा करू नका. पट्टीला मागच्या बाजूने काच बसायला खाच लागते, ती दुकानातूनच पाडून आणा, रंध्याने घरी पाडायच्या भानगडीत पडू नका. आता हिशोब, फोटो आठ बाय दहा, पट्टी एक इंच रुंद, खाच पाव इंच, तर लांब पट्टी बाहेरून साडेअकरा इंच आणि आखूड साडेनऊ, वर दोन-तीन मिलिमीटर सैल ठेवायचं कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. सगळं मिळून साडेतीन फूट लागतं, तुम्ही पाच फूट आणा, का ते कळेलच.

बाकी ती सोनेरी प्लास्टिकची पट्टी मिळते ना नक्षीवाली, ती मला अजिबात आवडत नाही, आतला माणूस दिसतच नाही, नुसती नक्षी. आपल्याकडे भिंतीवर तसबिरी आल्या त्यात रविवर्म्याच्या छापखान्याचा मोठा वाटा, १८९४ साली मुंबईत निघाला, मग लोणावळ्याजवळ माळवलीला गेला, त्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. माझ्या माहेरी होती एक लक्ष्मी, फ्रेम साधी काळपट लाकडाची आणि काय रुबाब होता तिचा! असो.

तर माझी पहिली फ्रेम. २०२० सालचं लॉकडाऊन, सगळे केक करत होते, मी करवत घेतली. सासूबाई-सासऱ्यांचा एक फोटो होता १९७२ सालचा, स्टुडिओतला, मागे पडद्यावर रंगवलेला ताजमहाल, सासरे एकदम ताठ आणि सासूबाई कुठेतरी तिसरीकडेच बघतायत. म्हटलं याला फ्रेम करू. बाल्कनीत बसले, माइटर बॉक्समध्ये, म्हणजे करवत तिरकी धरायला खाचा असलेल्या खोक्यात, पट्टी धरली आणि चारही पट्ट्या कापल्या, मोठ्या उत्साहात, आणि जमिनीवर मांडून बघते तर चार काजूकतल्या! दोन्ही टोकांचे काप एकाच दिशेला तिरके. अहो, पट्टीची दोन टोकं एकमेकांकडे झुकली पाहिजेत, घराच्या छपरासारखी. म्हणून म्हटलं पाच फूट आणा. मला तर पाचही पुरले नाहीत, पलंगाखाली जुन्या शेल्फची एक पट्टी होती तीही लागली.

दुसऱ्यांदा काप बरे आले. फेविकॉल लावला, पट्टीची टोकं तो लगेच पिऊन टाकतात म्हणून आधी एक पातळ हात, पाच मिनिटांनी दुसरा. क्लॅम्प कुठला आणायचा तेव्हा, दुकानं बंद, म्हणून मुलाच्या सायकलची जुनी ट्यूब कापली आणि फ्रेमभोवती करकचून गुंडाळली. ही युक्ती चांगली आहे बरं का, मी अजूनही तेच करते. फक्त गुंडाळल्यावर कर्ण मोजायचे. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत टेप, मग उलट्या कोपऱ्यांचं माप, दोन्ही सारखी आली तरच झोपायला जायचं. मी न मोजताच गेले.

सकाळी ट्यूब सोडली, फ्रेम दगडासारखी घट्ट आणि काच काही केल्या बसेना. ट्यूबने ओढून ओढून फ्रेम कलली होती, दोन कर्णांत आठ मिलिमीटरचा फरक! बरं, तोडायची तर जोड तुटेना, आयुष्यात पहिल्यांदा माझा जोड पक्का बसलेला. मग दुकानं उघडल्यावर ती फ्रेमच उचलून काचवाल्याकडे नेली आणि म्हटलं, हिच्या मापाची काच द्या. त्याने काटकोन तपासायचा गुण्या लावला, फ्रेम फिरवली, परत गुण्या लावला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, ताई, पतंग मढवायचाय का? पण दिली हो तिरकी कापून, पैसेही जास्त घेतले नाहीत.

हां, कापाबद्दल एक राहिलंच. काप आठ असतात, प्रत्येकात अर्धा अंश चुकला की आठांचे चार अंश होतात, आणि तीन कोपरे दाबून बसवले की सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात फट होऊन निघते. भुसा आणि फेविकॉल कालवून भरता येते, मी भरते, लाज कसली. आणि फोटो काचेला टेकवू नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला, नाहीतर एका पावसाळ्यात चिकटतो आणि सोडवताना नाकडोळे काचेवरच राहतात. परत सांगते, कर्ण मोजा.

तो फोटो हॉलमध्येच आहे. सासूबाई रोज सकाळी फडक्याने पुसतात, मग दोन पावलं मागे जाऊन बघतात, डावा कोपरा जरा वर ढकलतात, परत मागे जातात, मग उजवा. खिळा वाकडा ठोकलाय माझ्या लेकानं, म्हणतात. आमचे हे निमूट ऐकून घेतात. मी पण काही बोलत नाही.