आमची बायबलबाई आजी

हा फोटो बघा. नेवासा तालुक्यातलं आमचं गाव, नाताळचा दिवस, आणि मधोमध नऊवारीत डोक्यावर पदर घेऊन बसलीय ती आमची आजी. मांडीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल आहे, फोटोसाठी मुद्दाम धरलेलं नाही बरं का, ते तिच्याजवळ असायचंच.

आजी शिकली नगरच्या मिशन बोर्डिंगमध्ये. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आजीसाठी ते नगरच. अमेरिकन मराठी मिशनची माणसं तिथं १८३१ साली आली, मुलींच्या शाळा निघाल्या, १८४२ ला ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू झालं, हा सगळा इतिहास पुस्तकात मिळतो. आमच्या घरापुरतं सांगायचं तर, ज्या बाईला गावच्या आडावर घागर टेकवू देत नव्हते तिची पोर सातवीपर्यंत शिकली, आणि लग्न होऊन इकडं आली तेव्हा सगळ्या वस्तीची पत्रं वाचणारी, मनिऑर्डरचा फॉर्म भरणारी ती एकटीच बाई होती.

मग मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, तिला बायबलबाई नेमलं. म्हणजे घरोघर जायचं, बायकांना वचन वाचून दाखवायचं, गाणी शिकवायची, कुणी आजारी असलं की उशाशी बसून प्रार्थना करायची. पगार नावाला. पोट चालायचं ते खुरपणी-काढणीच्या मजुरीवर, आणि बहात्तरच्या दुष्काळात तर आजी-आजोबा दोघंही खडी फोडायला, दुपारी सुकडी खायची, घरी लाल मिलो ज्वारीची भाकरी, आणि संध्याकाळी तशाच फुटलेल्या हातांनी ती कंदील लावून वस्तीतल्या पोरींना अक्षरं गिरवायला बसवायची.

आणि गाणं! नगर भागात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जुनी, ख्रिस्ती कीर्तनकार कृष्णराव सांगळ्यांच्या काळापासूनची. पुढं नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, त्यांनी ओव्या-अभंगांच्या चालीत येशूची भजनं लिहिली, काही वर्षं ते राहुरीलाच राहायला होते, म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यात. म्हणून आमच्याकडं भक्ती म्हटलं की टाळ आणि चिपळ्या, पेटी असली तर उत्तम. आजी जात्यावर ही भजनं म्हणायची, शेजारच्या माळकरी काकू दुसऱ्या बाजूनं खुंटा धरून विठ्ठलाची ओवी म्हणायच्या, आणि दोघींचं पीठ एकाच पाटीत पडायचं.

आता जे सांगायचंय त्याच्यासाठीच खरं तर ही फिल्म केली.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदू असलेल्यांना मिळायच्या, १९५६ ला त्यात शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आजही नाहीत. वस्ती तीच, गावानं पाळलेला विटाळ तोच, पण शाळेच्या रजिस्टरात ख्रिश्चन लिहिलं की स्कॉलरशिप गेली. म्हणून कितीतरी घरांनी कागदावर हिंदू लिहिलं आणि रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आले. मी त्यांना नावं ठेवणार नाही, पोरं शिकवायची होती त्यांना. मोठ्या काकांचं नाव घालायला आजी गेली तेव्हा गुरुजी स्वतःच म्हणाले, बाई, हिंदू लिहितो, पोराचं कल्याण होईल. आजी म्हणाली, "गुरुजी, जे आहे तेच लिहा."

त्या एका वाक्याची किंमत घरानं भरली. फीसाठी दोन शेळ्या गेल्या, मग आजीचं डोरलं गेलं, आणि अकरावीनंतर काकांचं शिक्षण थांबलंच. बरोबरीची पोरं हॉस्टेलला राहून साहेब झाली आणि काका साखर कारखान्यावर हंगामी कामाला लागले. काकांनी कितीतरी वर्षं देवळाची पायरी चढली नाही, आजीशी बोलणं पण कामापुरतं. लहानपणी आम्हाला वाटायचं काका रागीट आहेत. ते रागीट नव्हते, त्यांचं खरंच नुकसान झालं होतं, आणि ते आजीलाही कळत होतं.

आजी पहाटे चारला उठून नावं घेऊन प्रार्थना करायची. सुना, नातवंडं, चर्चचे पाळकसाहेब, शेजारच्या काकू, म्हैस आजारी असली तर म्हैस पण, आणि सगळ्यात शेवटी, "माझ्या रागावलेल्या लेकाला, बापा, त्याचा राग बरोबर आहे, तरी त्याला सोडू नको." पलीकडच्या खोलीत काका जागे असायचे. हे त्यांनीच सांगितलं, याच शूटिंगच्या वेळी. मी कॅमेऱ्यामागून विचारलं, आजीचं बरोबर होतं का? बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "ते मला अजून सांगता येत नाही. पण आईनं आम्हाला कधी खोटं बोलायला सांगितलं नाही, आणि माझ्यावर काय आलं ते तिनं कधी नाकारलं नाही."

आजी गेली तेव्हा पाळकसाहेबांनी २३ वं स्तोत्र वाचलं, आणि माती द्यायच्या आधी गावचं भजनी मंडळ टाळ-पखवाज घेऊन आलं, कुणी बोलावलं नव्हतं. काय म्हणायचं असं त्यांनी काकांना विचारलं. काकांनी आजीचं जात्यावरचं भजन सांगितलं, पहिलं कडवं स्वतः म्हणून दाखवलं, आणि मग त्यांनी ते धरलं.