वेरूळ: एका मूर्तीची दोन नावं

(दृश्य: दहाव्या लेण्याचं छत. कॅमेरा सावकाश खाली उतरतो.)

छताकडे बघा. एकेक तुळई वाकवून बसवावी तशा फासळ्या. पण इथे लाकूड कुठेच नाही, अख्खं लेणं एकाच कातळात कोरलेलं आहे. लाकडी चैत्यगृहांची, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहांची, रीत जुनी होती, ती कारागिरांनी दगडात उतरवली. समोर स्तूप आहे आणि स्तूपाच्या पुढ्यात, पाय खाली सोडून बसलेले भगवान बुद्ध. सातव्या शतकात इथे भिक्षू वंदनेला जमायचे.

पुढे संघ इथून गेला, पण मूर्तीपुढचे हात थांबले नाहीत. पंचक्रोशीतले सुतार येऊ लागले आणि बुद्धमूर्तीला विश्वकर्मा म्हणून पुजू लागले. हे छत एकदा डोळे भरून पाहिलं की त्यांना इथे आपला देव का दिसला, ते उमगतं. लेण्याला नावही तेच चिकटलं: विश्वकर्मा, नाहीतर ‘सुतार का झोपडा’. एका धर्माची मूर्ती दुसऱ्या श्रद्धेने अशी जपली, ही मला वेरूळची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

(दृश्य: डोंगराची लांबलचक कड.)

लेणी ३४. पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, शेवटची ५ जैन. ही यादी ऐकली की वाटतं, एक धर्म उठला आणि दुसरा येऊन बसला. पण हे क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे, डोंगराच्या कडेने दिलेत. काळाशी त्यांचा संबंध नाही. रामेश्वर, म्हणजे २१वं लेणं, आणि २९वं ‘सीता की न्हाणी’, ही शैव लेणी सहाव्या शतकातली. इथल्या बहुतेक बौद्ध लेण्यांच्याही आधीची!

पंधराव्या लेण्यात, दशावतारात, तर दोन्ही परंपरांचा हात दिसतो. तिथे राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा लेख आहे, भिंतींवर शिव आणि विष्णू आहेत. पण या लेण्याची सुरुवात बौद्ध विहार म्हणून झाली असावी, असं अनेक अभ्यासक मानतात. दंतिदुर्गाचा काका पहिला कृष्ण. कळसापासून पायाकडे कोरत आणलेलं कैलास लेणं त्याच्या काळातलं, आठव्या शतकातलं.

(दृश्य: घृष्णेश्वराचं शिखर. मग खुलताबादचा रस्ता.)

लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर घृष्णेश्वर, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे यांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला. आजचं देऊळ होळकरांच्या काळातलं, अठराव्या शतकातलं. आणि पुढे काही किलोमीटरवर खुलताबाद. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दख्खनेत आले. त्यांचा दर्गा तिथे आहे.

(दृश्य: बत्तिसावं लेणं.)

उत्तर टोकाला ‘इंद्रसभा’. हत्तीवर बसलेल्या या मूर्तीला लोकांनी इंद्र मानलं, म्हणून हे नाव पडलं. खरं तर हा जैन परंपरेतला यक्ष, तीर्थंकरांचा सेवक देव. समोर आंब्याच्या झाडाखाली सिंहावर बसलेली देवी लोकांच्या लेखी इंद्राणी झाली. जैनांसाठी ती तीर्थंकर नेमिनाथांची यक्षी अंबिका. तिच्या मांडीवर मूल आहे.

इथून जैन यात्रेकरू वर डोंगरावर चढतात, पार्श्वनाथांच्या दर्शनाला. त्या भव्य मूर्तीवर लेख आहे: शके ११५६, म्हणजे तेराव्या शतकातला. खाली दगडावरच्या छिन्नीचा आवाज तोवर थांबला होता. यात्रा मात्र आजही चालू आहे.